तेलाचा ताप

करी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर बारावी फेरी संपवून मी पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेत, शिरले, गाडी उभी केली आणि डॅशबोर्डवरचं तेलाच्या झारीचं लाल चित्र लुकलुकलं. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावला की विझायचं, पाय काढला की परत यायचं. शेजारी पाण्याच्या तापमानाचा काटा रोजच्या जागी, मधोमध, राजारामपुरीत भाजी आणायला निघाल्यासारखा निवांत. मी इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तेव्हा तोंड पुढे करवेना इतकी झळ आली. दहा मिनिटं थांबून डिपस्टिक ओढली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं, कमी झालेलं नव्हतं. पण डिपस्टिकच्या टोकावरून ते ज्या घाईने ओघळलं, तसं तेल ओघळताना मी कधी पाहिलं नव्हतं; आणि माझं सगळं लहानपण तेल ओघळताना बघण्यात गेलं आहे.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 2002 सालची होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, म्हणजे जोरात फिरू लागलं की झडपा जास्त उघडणारं, 106 अश्वशक्ती. त्या काळच्या गाड्यांवर जीव असलेल्या माणसापुढे नुसतं ‘व्हीटेक’ म्हणा, चेहरा उजळतो. आप्पांनी ती जुनी घेतली, पंधरा वर्षं जपून वापरली, आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. मी ती ट्रॅकवर नेते हे त्यांना आवडतं की नाही, हे त्यांनी कधी स्पष्ट सांगितलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र चाकांची हवा ते स्वतः बघतात.

करी हा ट्रॅक कोइमतूरजवळ चेट्टीपाळयमला आहे, 2.1 किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावाचा. साध्या, परवडणाऱ्या रेसिंग गाड्या बांधून त्यांनी कितीतरी तरुणांना या खेळात आणलं, आणि 1995 मध्ये विमान अपघातात ते गेले. ट्रॅक आखूड आणि वळणावळणांचा. दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा. इंजिन सतत वरच्या आरपीएमला आणि गाडीचा वेग मात्र तेवढा नाही, त्यामुळे समोरून येणारा वारा बेताचाच. इंजिनाला तापायला याहून सोयीची जागा शोधूनही मिळायची नाही. कोल्हापूरहून हजारेक किलोमीटर जायचं, दिवसभर गाडी पळवायची, आणि त्याच गाडीने परत यायचं. ट्रेलर नाही, मागे दुसरी गाडी नाही. म्हणून तो लाल दिवा बघून पोटात गोळा आला.

आप्पांना फोन लावला.

“पाणी तापलं की तेल तापलं?” त्यांचा पहिला प्रश्न.

“पाण्याचा काटा जागेवर आहे, आप्पा.”

“पाण्याचं सांगायला काटा हाय गं. तेलाचं कोण सांगणार?”

या एका प्रश्नापायी माझं पुढचं दीड वर्ष गेलं.

आप्पांचं दुकान शिवाजी उद्यमनगरात. ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं. नदीकाठची, विहिरींवरची, उसाला पाणी पाजणारी इंजिनं. वीज होती, पण नेमकी पाण्याच्या पाळीला जायची, म्हणून किर्लोस्करचं डिझेल इंजिन ज्याच्या मळ्यात, तो माणूस निर्धास्त. मी आठ-नऊ वर्षांची असताना आप्पांच्या एम-८० वर मागे बसून अशा मळ्यांवर जायचे. त्या इंजिनांना रेडिएटर नसायचा. पंपाने वर फेकलेल्या पाण्यातली एक बारीक नळी इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवून आणलेली असायची. विहिरीचं गार पाणी एकीकडून आत जायचं आणि कढत होऊन दुसरीकडून पाटात पडायचं. पौषातल्या सकाळी त्या नळीखाली हात धरून मी उभी राहायचे. आप्पाही आधी तिथेच हात धरायचे. पाणी जरा जास्त कढत लागलं की जॅकेटमध्ये गाळ साचला म्हणायचे.

आणि मग तेल. इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं तेल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घेऊन बोटं हळूच लांब करायची. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक बोटांवर जोखतो, अगदी तसं. तार धरली तर तेलात जीव आहे. धरली नाही तर बेअरिंगची काळजी करायची. त्या चिमटीत कोणतंही शास्त्र लिहिलेलं नव्हतं, पण पुढे डिप्लोमाला व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा, धडा आला तेव्हा मला तो नवा वाटला नाही.

तेलाचं काम वंगणाचं, एवढंच आपण धरून चालतो. पण इंजिनात तेल आणखी एक काम करतं, उष्णता वाहून नेण्याचं. पाणी सिलिंडरच्या भोवती आणि हेडमध्ये फिरतं. पिस्टनच्या पोटापर्यंत, क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, कॅमपर्यंत पाणी पोचत नाही. तिथे तेलच जातं, तिथली आग अंगावर घेतं आणि चेंबरमध्ये उतरतं. शिवाय बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा केसाहून बारीक असतो. त्याला क्रँक इतक्या वेगाने घासत नेते की तेल स्वतःच्याच घर्षणाने तापतं. आरपीएम वाढेल तसा हा ताप झपाट्याने चढतो. पूर्वीच्या पोर्शे 911 गाड्यांचं इंजिन वाऱ्यावर थंड व्हायचं असं सगळे म्हणतात, 1998 पर्यंत ती तशी बनत होती. पण त्या इंजिनाचं बरंच ओझं खरं तर तेलाने वाहिलं. मोठी टाकी भरून तेल आणि त्यासाठी वेगळा कूलर, अशी ती सगळी मांडणी होती. आपल्याकडे पल्सर 220 च्या पुढच्या बाजूला लावलेली छोटी जाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग घरच्या गाडीला तेलाचा कूलर का नसतो? कारण घरच्या गाडीला त्याची गरज पडत नाही. सपाट हायवेवर ताशी 100 ने जायला माझ्या सिटीला वीसेक अश्वशक्ती पुरते. उरलेली ऐंशी-पंच्याऐंशी ओव्हरटेक करताना दहा सेकंदांपुरती कामाला येते आणि परत झोपते. ट्रॅकवर ती सगळी वीस मिनिटं सलग जागी असते. गाडी बनवणाऱ्यांनी हिशोब चुकीचा केलेला नाही. मी ती गाडी त्यांच्या हिशोबाच्या बाहेर नेली. जुन्या गाडीला ‘कंपनीने स्वस्तात बनवलं’ म्हणून नावं ठेवणारे भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं. वीस वर्षांनंतर, मूळ पिस्टनवर, ही गाडी अजून धावते आहे.

घरी आल्यावर माझी पहिली इच्छा सरळ कूलर मागवायची होती. आप्पांनी मोडता घातला. ते म्हणाले, किती तापतं ते आधी बघ; डॉक्टरसुद्धा थर्मामीटर लावल्याशिवाय गोळी देत नाही.

तेव्हा आधी मीटर. तापमानाचा सेन्सर चेंबरच्या नटात बसवायचा ठरवलं. होंडाचा तो नट 14 मिलिमीटरचा, दीड पिचचा. सेन्सरचे आटे अमेरिकन, पाव इंचाच्या निम्म्याचे. आमच्या गल्लीतल्या टर्नरने सहा कोनी सळईतून नवा नट काढला, मधोमध भोक पाडून सेन्सरचे आटे टॅप केले, खाली तांब्याचा वायसर. अर्ध्या तासाचं काम. दाबाच्या मीटरला मात्र वेळ लागला, आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. होंडाच्या ब्लॉकमध्ये तेलाच्या दाबाचा स्विच जिथे बसतो तिथले आटे ब्रिटिश आहेत, इंचाला 28. बाजारात मिळणारे बहुतेक सेन्सर अमेरिकन, इंचाला 27. दोन्हीचा आकार सारखाच दिसतो, हाताने दोन-तीन फेरे बसतोही, आणि मग माणूस पाना लावतो. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. गेला. माझ्या हातून हे होता होता राहिलं, कारण टर्नरने आटे मोजायची फणी लावून बघितली आणि सेन्सर माझ्या हातात परत ठेवला. “ताई, एक आटा कमी हाय.” एका आट्याने इंजिन वाचलं. मधे योग्य अडॅप्टर टाकला आणि तो सेन्सर एका छोट्या नळीने बाजूला घेतला.

पुढच्या खेपेला करीवर मी गाडी चालवण्यापेक्षा मीटरच जास्त वाचला. हायवेवर येताना तेल 96 अंशांवर स्थिर होतं. ट्रॅकवर पाचव्या फेरीला 128. आठव्याला 139. अकराव्याला 146, आणि मी पाय काढला. या सगळ्या वेळात पाण्याचा काटा केसभरही हलला नाही. तो हलतही नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा शांत ठेवलेला असतो, उगाच थोड्या चढउताराने चालकाचा जीव वरखाली होऊ नये म्हणून.

146 म्हणजे किती वाईट? 5डब्ल्यू-30 तेल 100 अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण निम्मंच 140 ला उरतं. चांगल्या सिंथेटिक तेलाला 120 चं काही वाटत नाही, 130 ही ते सोसतं. त्यापुढे दर दहा अंशांना तेल नासण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशोब रसायनवाले सांगतात. आणि उलट बाजूही आहे. तेल फार थंड राहिलं तरी वाईटच. रोज 100 च्या आसपास पोचलं नाही तर त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोलची वाफ उडून जात नाही, तेलाचा मलईसारखा लगदा होतो. तेलाला थोडा ताप हवाच असतो. कूलर लावताना बहुतेक जण ही दुसरी बाजू विसरतात.

कूलरच्या आधी काही फुकटची कामं होती, ती उरकली. त्यातलं पहिलं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पुढचा बंपर खोलला, तर रेडिएटर आणि एसीच्या जाळीच्या मधल्या फटीत उसाची पाचट. गळीत हंगामात आमच्याकडचा प्रत्येक रस्ता उसाच्या ट्रॉल्यांमागून जातो. वाळका पाला उडतो आणि समोरच्या प्रत्येक भोकात शिरतो. मूठभर नव्हे, अर्धी पाटी निघाली. वर्षानुवर्षं दबून त्याचा चटईसारखा थर झाला होता. मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार लावून दोन तास बसले. दुसरं काम तेल बदलण्याचं. 30 ऐवजी 40 चं, म्हणजे जास्त दाट, घेतलं. त्याने उभ्या गाडीतला दाब सुधारला, दिवा लुकलुकायचा थांबला, पण तापमान तसंच राहिलं. दाट तेल घासतंही जास्त, त्यामुळे ते कमी तापेल अशी आशाच चुकीची. तिसरं, पंधरा मिनिटांतच आत येणं आणि शेवटची फेरी वरच्या गिअरमध्ये, अगदी हळू घेणं. माझं प्रामाणिक मत असं की वर्षातून एकदा ट्रॅकवर जाणाऱ्याने इथेच थांबावं. दाट तेल, स्वच्छ जाळी, थोड्याच फेऱ्या, आणि घरी आल्यावर तेल बदलणं. कूलर म्हणजे इंजिनात नसलेले आठ नवे जोड, आणि प्रत्येक जोड गळू शकतो.

मी तरीही लावला. मला वर्षातून चार-पाच वेळा जायचं होतं, आणि आप्पांच्या गाडीचं इंजिन माझ्या हौसेने जावं हे मला सहन झालं नसतं.

कूलरची रचना सोपी आहे. तेलाचा फिल्टर काढायचा, त्या जागी एक जाड चकती बसवायची, चकतीवर फिल्टर परत बसवायचा. ब्लॉकमधून फिल्टरकडे निघालेलं तेल चकती अडवते, पाइपातून पुढे कूलरच्या जाळीकडे पाठवते, आणि परत आलेलं तेल फिल्टरला देते. चकतीत थर्मोस्टॅट, म्हणजे ताप चढला की वाट उघडणारी झडप, असावा, हा माझा आग्रह. 80 अंशांच्या आसपास तो उघडतो. तोवर तेल जवळच्या वाटेनेच फिरतं, फक्त जराशी धार जाळीतून जात राहते म्हणजे तिथे हवा अडकत नाही. थर्मोस्टॅट नसलेली चकती निम्म्या किमतीत मिळते. महाबळेश्वर, आंबोलीकडे पावसात जाणाऱ्याने ती घेऊ नये.

चकती बसवताना जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं आहे का, ते बोट फिरवून बघावं लागतं. एकावर एक दोन रबरं बसली तर सुरुवातीला काही कळत नाही; इंजिन चालू होतं, दाब येतो, आणि मग एका क्षणी वरचं रबर सरकून सगळं तेल रस्त्यावर. फिल्टर या इंजिनाच्या मागच्या अंगाला, केबिनच्या भिंतीकडे तोंड करून आहे. तिथे डोळा पोचत नाही. बोटानेच बघावं लागतं.

पाइपांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आनंद तिथे मिळाला. तयार किटमधले पाइप माझ्या गाडीला तोकडे पडत होते. फिल्टर मागे, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड पुढे, जाळी त्याच्याही पुढे. मॅनिफोल्डपासून लांब, गिअरबॉक्सच्या बाजूने वळसा घालून यायचं तर लांबी जास्त लागते. उद्यमनगरात हायड्रॉलिक पाइपांचं दुकान आहे. जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्रं यांचे फुटलेले पाइप घेऊन दिवसभर माणसं येतात आणि उभ्या उभ्या नवे करून नेतात. मी तिथल्या काकांना किटमधलं तोंड दाखवलं आणि सांगितलं की याला ‘डॅश टेन’ म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने आणि नौदलाने मिळून ठरवलेलं माप आहे. काकांनी ते बोटांत फिरवलं. “पाच सुती,” ते म्हणाले. “तोंड सदतीस डिग्रीचं. आपल्याकडं डबा भरून हायत.”

आणि बरोबर होतं. दहा म्हणजे इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले दहा, म्हणजे आपल्या मापाने पाच सूत. हायड्रॉलिक पाइपांच्या एका प्रकारच्या जोडांचा उतारही 37 अंशांचाच. परदेशी वेबसाइटवर मी ज्या जोडांची किंमत बघून सुस्कारे टाकत होते, ते जोड आमच्या गल्लीत, तेलकट डब्यात, पोलादी, दणकट पडले होते.

पण पाइप कापायला घेतला तेव्हा काकांनी हात थांबवला. “तेल किती तापतंय?” मी 146 सांगितलं. त्यांनी हातातला काळा पाइप खाली ठेवला आणि त्याच्या अंगावरची छापील ओळ माझ्याकडे फिरवली. साध्या हायड्रॉलिक पाइपाचं रबर 100 अंशांपर्यंतचं असतं. जेसीबीत ते वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिथलं तेल तेवढं तापत नाही. माझ्या गाडीत ते आतून कडक होऊन भेगाळलं असतं, बाहेरून अगदी नवं दिसत. आतल्या रॅकवरून त्यांनी स्टीलची जाळी विणलेला पाइप काढला, आत पांढरं टेफ्लॉन. 200 अंश सोसणारा. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसवाल्यांसाठी ठेवतात तो, वाफेच्या कामाला. त्याची किंमत तिप्पट होती. मी ती दिली. तो माणूस मला स्वस्तातला पाइप देऊन मोकळा होऊ शकला असता. मीच तो मागितला होता. त्याने आधी ताप विचारला.

प्रेसमध्ये जोड दाबून दोन्ही पाइप तयार झाल्यावर त्यांनी त्यात पाण्याचा दाब सोडून दाखवला, मग हवा मारून आतून कोरडे केले, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकची टोपणं लावली आणि म्हणाले, “बसवायच्या येळेलाच काढा. आत एक कण नको.” इंजिनातल्या तेलाच्या वाटेवर लोखंडाचा एक बारीक किस म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. याच कारणासाठी, एखाद्याचं बेअरिंग गेलेलं असेल तर त्याचा जुना कूलर धुऊन परत वापरू नये. त्या बारीक वाटांत अडकलेला चुरा निघत नाही.

जाळी एकोणीस पट्ट्यांची घेतली. पंचवीसची मिळत होती आणि बघायला भारदस्तही होती. पण मोठी जाळी म्हणजे पुढे जास्त वजन, जास्त तेल, आणि रेडिएटरपुढे जास्त अडथळा. बंपरच्या खालच्या तोंडामागे, एका बाजूला सारून ती बसवली, पायाला रबरी बुश घालून, म्हणजे इंजिनाचे हादरे पत्र्याला चिरणार नाहीत. दोन्ही तोंडं वरच्या दिशेने. पुढे खडी अडवायला जाड तारेची जाळी, जी आता पाचटही अडवते. आणि एक गोष्ट, जिला मी अर्धा दिवस दिला. बंपरच्या तोंडापासून कूलरपर्यंत पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा बोगदा केला. वारा आळशी असतो, वाट मोकळी दिसली की बाजूने निघून जातो. त्याला पट्ट्यांमधूनच जायला भाग पाडलं तर छोटी जाळीही मोठ्या जाळीचं काम करते. आप्पा स्टूल टाकून बाजूला बसले होते. पत्र्याच्या कडा त्यांनी स्वतः कानशीने घासल्या, म्हणजे पाइपाला काप जाणार नाही. पंच्याहत्तरीला आलेल्या हातांनी, चष्मा कपाळावर सरकवून.

इंजिन चालू करायच्या आधी कॉइलचं कनेक्शन आणि पेट्रोलचा रिले काढून नुसता स्टार्टर फिरवला, दहा-दहा सेकंद, मधे थांबत, दाबाच्या मीटरचा काटा उठेपर्यंत. नव्या पाइपांत आणि जाळीत तेल भरून घ्यायचं होतं. कोरड्या बेअरिंगवर इंजिन सुरू करायचं नव्हतं. साडेतीन लिटरच्या वर पाऊण लिटर आणखी लागलं. मग गाडीखाली पांढरा कागद अंथरला आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. कागद कोरडा. दुसऱ्या दिवशी ऐंशी किलोमीटर फिरून आले, परत कागद. एका जोडाखाली मोहरीएवढा डाग. तो जोड सोडला, तोंड पुसलं, परत बसवला. कागद कोरडा.

कागदाचा एवढा ध्यास का? ट्रॅकवर माझं तेल गळलं तर पहिलं नुकसान माझं नाही. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं आहे. तेल सांडलं की मार्शल पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा धरतात, पण झेंडा येईपर्यंत एखादा त्या वळणात शिरलेला असतो. गाडीत नवा जोड घालणाऱ्याने ती जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतलेली असते. म्हणून मी आजही दर वेळी ट्रॅकवर उतरण्याआधी आठही जोडांवरून पांढरा टिश्यू फिरवते. प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर रंगाची एकच सरळ रेघ ओढून ठेवली आहे. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते.

जुलैत परत करी. पाचव्या फेरीला 109. आठव्याला 116. बाराव्याला 121, आणि तिथेच थांबला. पुढच्या चार फेऱ्या काटा 121 च्या वर गेला नाही. त्या दिवशी हवा आधीच्या खेपेपेक्षा तीन अंशांनी गार होती, तेवढं श्रेय हवेचं. उरलेलं त्या एकोणीस पट्ट्यांचं आणि पत्र्याच्या बोगद्याचं. पिटमध्ये येऊन थांबले, पाय काढला. लाल झारी दिसली नाही. दुपारी मी मीटरकडे बघायचं विसरून गेले आणि कितीतरी दिवसांनी गाडी नुसती चालवली. शेवटच्या सत्रात इंजिन वरच्या आरपीएमला जेव्हा आवाज बदलतं, तो आवाज मी अगदी मोकळ्या मनाने ऐकला.

परतीच्या वाटेवर संकेश्वरला रात्र झाली, मुक्काम केला. पहाटे निघाले तेव्हा भुरभुर पाऊस, हवेत गारठा. तवंदी घाटाच्या माथ्यावर एक टपरी उघडी दिसली, गाडी बाजूला घेतली. मीटरवर तेल 74 होतं. इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं आणि आधी फिल्टरजवळच्या चकतीला बोट लावलं. चटका बसला. मग पुढे येऊन, वाकून, तारेच्या फटीतून कूलरच्या पट्ट्यांवर बोटं टेकवली. पावसाचे थेंब त्यांवर तसेच होते. किंचित कोमट, बस.

चहा हातात घेऊन आप्पांना फोन लावला.

“हात लावून बघितलास?” त्यांनी विचारलं.

“बघितला. मागं चटका बसतोय, पुढं गार आहे.”

“थर्मोस्टॅट मिटलाय.” पलीकडे स्टोव्हचा आवाज येत होता. “कागल सोडल्यावर परत एकदा बघ. मग गरम लागंल.”